मॅटिंगखालचा गंज

मी लिहावं एवढा मोठा नाही, चुकलं तर माफ करा. पण कॉलेजजवळच्या सीटकव्हरच्या दुकानातून चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र वास आला की अजून डोकं तापतं.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या लग्नात सासरच्यांनी गाडी मागितली. आमच्या वडिलांनी, अप्पांनी जुनी घेतली आणि आत तळाला नवं तांबडं मॅटिंग सोल्युशन लावून स्वतः चिकटवलं. मुरुम गावातल्या मंडपाबाहेर नवरदेवाच्या मामानं बुटाच्या टोकानं त्याचा कोपरा उचकटला.

"वर मखमल, खाली गंज. पोरगीबी अशीच हाय का पाव्हणं?"

वऱ्हाड हसलं. अप्पा त्या बुटापाशी वाकून कोपरा दाबत राहिले. तरी त्यांनी लग्न मोडलं. मला त्या वाकण्याचा कितीतरी वर्षं राग होता.

काल अक्काचा फोन आला. "माझं लग्न मोडलेल्या त्या घरच्यांनी सुनेला हाकललं रं. तिनं आणलेली गाडी जुनी झाली, नवी आण म्हणले."