मधून विचारलेला जबाब

आधी मावशींबद्दल लिहितो, मग प्रकरण. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या खिचडी शिजवायच्या. त्या नसत्या तर एका निर्दोष माणसाला मी माझ्या हाताने तुरुंगात घातलं असतं. निवृत्त झालो तरी ते प्रकरण डोक्यातून जात नाही, आणि आठवलं की आजही डोकं तापतं.

मी मूळचा सांगलीकडचा. नववीत शाळा सोडली, पुढे बाहेरून कशीबशी दहावी केली. यवतमाळात भरती निघाली म्हणून इतक्या लांब आलो आणि सहायक फौजदार होऊन इथेच निवृत्त झालो. लिहिण्याची धास्ती मात्र कधी गेली नाही. जबाब लिहायला बसलो की एकेक ओळ तीनदा खोडायचो.

बाजाराच्या दिवशी भरदुपारी एका पुढाऱ्याची सोयाबीनची गंजी जळाली. गावच्या शाळा समितीचा अध्यक्षही तोच. त्याने फिर्याद दिली की शेतात कोणी नव्हतं, थ्रेशर दुसऱ्या दिवशी यायचं होतं, आणि आग लावली ती त्याच्याकडे सालाच्या बोलीवर राबलेल्या जुन्या सालदाराने. सालदार आठच दिवसांपूर्वी भांडून काम सोडून गेला होता. चार दिवसांनी चार साक्षीदार ठाण्यात आले. चौघेही म्हणाले, "मी विहिरीवरून पाणी पिऊन परत येत असता, सदर इसम हातात काडीपेटी घेऊन गंजीकडून नाल्याकडे पळताना मला दिसला."

चौघांचे शब्द सारखे. खेड्यातला माणूस कधी 'सदर इसम' म्हणतो का? दुसऱ्या कोणाला तिथेच वास आला असता. मला मात्र बरं वाटलं! पहिला जबाब समोर ठेवला आणि बाकीचे तीन उतरवून काढले. चुका होण्याची भीती नव्हती. आज त्याची चीड येते.

सालदार कोठडीत गेला. त्याची बायको रोज गेटपाशी येऊन सांगायची, "साहेब, तो त्या दिवशी माह्यासंगं बाजारात होता."

"बायको नवऱ्याच्या बाजूनंच बोलणार," ठाणेदार म्हणाले. मीही मान हलवली.

कोठडीची मुदत संपायला दोन दिवस होते. मी घटनास्थळाचा नकाशा काढायला गावात गेलो आणि पाणी प्यायला शाळेच्या व्हरांड्यात टेकलो. वर्गात पाढे चालले होते. गुरुजींनी एका मुलीला विचारलं, "सतरा आठे?" ती सतरा एकेपासून पुटपुटायला लागली.

मावशी हसल्या. "मधून इचारलं का अडकते पोरगी. तुमचे साक्षीदार बी तसेच हायेत साहेब."

"म्हणजे?"

"तीन दिवस ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून पाठ करून राह्यले होते. पुढारी सांगे, हे म्हनत. पाण्याले जाता-येता माहं बी पाठ झालं." आणि त्यांनी घडाघडा म्हणून दाखवलं, "मी विहिरीवरून पाणी पिऊन परत येत असता, सदर इसम..." एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मी पेला खाली ठेवला आणि खिशातून वही काढली.

"माहं नाव घेऊ नका," त्या हळूच म्हणाल्या. "हे चूल त्याच्याच हाती हाय."

परत येताना मोटारसायकलवर मी स्वतःलाच शिव्या घालत होतो. वर्गात अडकणारं ते पोर मीच होतो की! मधून विचारलं की मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणायचो आणि तोवर पट्टी बसायची. त्या पट्टीपायी शाळा सुटली. पाठ केलेलं कसं अडकतं हे मला कळायला नको होतं?

दुसऱ्या दिवशी चौघांना वेगवेगळं बसवलं. पहिल्याला विचारलं, "तो पळाला त्याच्या जरा आधी तुम्ही काय करत होतात?"

त्याने आढ्याकडे पाहिलं. ओठ हलले. "आधीपासून सांगू काय?"

"नाही. मधूनच सांगा."

"मंग कसं सांगू? मी विहिरीवरून पाणी पिऊन..."

दुसरा तसाच. तिसराही तसाच. चौथ्याला मी सालदाराचं काही विचारलंच नाही. म्हटलं, "काका, आग विझवायला तुम्ही होतात म्हणे?"

माणूस एकदम जिवंत झाला. "होतो म्हंजे! हे पाहा ना, चपलेचा पट्टा जळाला. बादलीची कडी बी तवाच निसटली. अन् वास असा, का दोन दिवस जेवन गेलं नाही. केवढा बोंबललो मी! पन थ्रेशरच्या आवाजात कोनाले ऐकू येते?"

"कोणतं थ्रेशर, काका?"

फिर्यादीत तर थ्रेशर दुसऱ्या दिवशी यायचं होतं. तीन दिवस घोकलेलं त्याला पहिल्यापासूनच म्हणता येत होतं. डोळ्यांनी पाहिलेलं कुठूनही बाहेर येत होतं, आणि ते पुढाऱ्यालाही थांबवता आलं नाही.

मग सगळं निघालं. थ्रेशर त्याच दिवशी आलं होतं. पुढाऱ्याच्या पुतण्याने थ्रेशर चालवणारा ट्रॅक्टर गंजीला खेटून लावला आणि धुराड्यातल्या ठिणग्यांनी गंजी पेटली. पुतण्याची चूक झाकायची आणि काम सोडणाऱ्या सालदाराला धडाही शिकवायचा, असा डाव. ज्याचं थ्रेशर भाड्याने आलं होतं त्या ट्रॅक्टरमालकानेही तेच सांगितलं.

ठाणेदार चिडले. "आता जबाब फिरवले तर ठाण्याची शोभा होईल."

"साहेब, जबाब मी लिहिले. शोभा माझी होईल," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांसमोर आवाज चढला. पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टात गेला आणि सालदार सुटला.

इथे थांबलो असतो तर बरं होतं. मला राहवलं नाही. दुसऱ्याच दिवशी वर्दीतच शाळेत गेलो, मावशींना वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या हातचा चहा घेतला. साऱ्या गावाने पाहिलं. पंधरा दिवसांत शाळा समितीने 'खिचडी करपते' म्हणून त्यांना काढलं. तोवर माझी बदली उमरखेडला झाली होती. मला कळलं ते वर्षभराने, सालदाराच्या बायकोकडून. मावशी तेव्हा लोकांच्या शेतात कापूस वेचत होत्या. त्यांनी एका शब्दाने मला कळवलं नाही.

पाठ केलेलं आणि पाहिलेलं यातला फरक या प्रकरणाने मला शिकवला. पण पाठ करवून घेणाऱ्या त्या पुढाऱ्यावर जेवढा राग आहे, तेवढाच स्वतःवर आहे. कागदावर मी मावशींचं नाव कुठेच येऊ दिलं नाही, त्यामुळे सूडापोटी काढलं असं सांगून दाद मागायला त्यांच्याकडे पुरावाच नव्हता. कळलं तेव्हाच मी त्यांच्या बाजूने उभं राहायला हवं होतं. अर्ज लिहायची धास्ती आडवी आली.

मावशी, तुम्ही हो म्हणालात की पंचायत समितीत तुमच्या बाजूने माझा जबाब मी स्वतःच्या हाताने लिहून देईन. चुका होतील, होऊ देत. आणि तिथल्या साहेबाने तो मधून विचारला तरी मी अडकणार नाही.