शेंदूरजनाघाटचा पळस आणि पिंगळा

अकोला मागे पडले तेव्हा शेतांवर विरळ धुके होते. त्यात पऱ्हाट्यांचे (कापसाच्या वाळलेल्या झाडांचे) ढीग निजलेल्या जनावरांसारखे दिसत होते. शेंदूरजनाघाटच्या एका संत्राबागेत भरदिवसा ओरडणारे छोटे घुबड आहे, असा निरोप आला होता. ते दुर्मिळ रानपिंगळा निघाले, तर मेळघाटाच्या जंगलाबाहेरची ती महत्त्वाची नोंद ठरणार होती. माझा पहिला शोधनिबंधही.

अमरावतीला बस बदलली. वरूडनंतर बागा सुरू झाल्या. संत्र्यांचा आंबिया बहर (हिवाळा सरताना येणारा) फुलला होता आणि त्या गोड वासात गावे, माणसे, आवाज सारे पाण्याखाली असल्यासारखे संथ वाटू लागले.

बागेचे मालक विनायकराव आणि त्यांच्या पत्नी शांताबाई मला थेट बांधावर घेऊन गेले. तिथे एक म्हातारा पळस निष्पर्ण, केशरी उभा होता. त्याच्या ढोलीत घरटे होते.

"ताई, पाखरू दुर्मिळ असन तर झाड ठेवतो," विनायकराव म्हणाले. "नसन तर उद्याच आरी. ट्रॅक्टर फिरवाले जागा नाई."

वर्गीकरणात झाड आणि पाखरू यांची वाट पहिल्याच पायरीवर फुटते. पळस वनस्पतिसृष्टीतला, घेवड्या-वाटाण्याच्या कुलातला. रानपिंगळा पक्षिवर्गातला, घुबडांच्या कुलातला. धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत पळसाची नोंद 'किमान चिंता' श्रेणीत, रानपिंगळ्याची 'संकटग्रस्त' म्हणून. मी दुर्बीण लावली. ढोलीतून वर आलेल्या डोक्यावर पांढरे ठिपके दाटीने होते. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा असतो. हा साधा पिंगळा होता. त्याचीही श्रेणी 'किमान चिंता'.

खोटे बोलणे सोपे होते. झाडही वाचले असते.

"दुर्मिळ नाही, काका. ना पाखरू, ना झाड."

"मंग झालं."

"काय झालं?" शांताबाई उसळल्या. "खांदशेकणीले पान कुठून आणसान? का ट्रॅक्टरच्या चाकाले तूप चोपडता?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी इथे पळसाच्या पानांनी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावतात.

"एकच तं बैलजोडी उरली वं!" विनायकराव म्हणाले.

"हाये ना? मंग पोया होऊ द्या."

विनायकराव हसले. "बरं बाप्पा, पोयापर्यंत ठेवतो."

पोळा श्रावणी अमावास्येला. तोवर पिंगळ्याची पिल्ले उडून गेलेली असतील.

परतीच्या बसमध्ये निबंध हुकल्याची रुखरुख होतीच. आमच्या श्रेण्या अख्ख्या जातीचे भवितव्य सांगतात. बांधावरच्या एका झाडासाठी त्यांत रकाना नाही. पोळ्यानंतर काय, हे मी विचारले नव्हते. पण पोळा दरवर्षी येतो, हे शांताबाईंना पक्के ठाऊक असावे.