कच्चा वास

स्वप्नात वास येतो का, हा प्रश्न मला त्या हिवाळ्याआधी कधी पडला नव्हता. मी महाप्याच्या एका कंपनीत खरेदीचं काम बघते. दिवसभर भाव, वजनं आणि उशिरा येणारे टेम्पो. रात्री स्वप्नं पडत असली तरी सकाळी डबे भरेपर्यंत ती विसरलेली असतात. पण दिवाळीनंतर ताप आला, आठवडाभरात उतरला, आणि उतरताना माझा वास घेऊन गेला. नाक साफ होतं, श्वास चालू होता, सर्दी नव्हती. वास तेवढा येत नव्हता.

कळलं तेही उशिरा. चहात आलं किसलं, चहा नुसता गरम पाण्यासारखा लागला, म्हणून मी खाली जाऊन भाजीवाल्याला दोन शब्द सुनावले. तो म्हणाला, "ताई, आलं ताजंय. तुमीच बघा." त्याने एक तुकडा मोडून माझ्या नाकाशी धरला. मी बघितलं. आतून पिवळंधमक, रसरशीत. आणि काहीच नाही.

वास गेला की जग थोडं लांब जातं. समोरच्या बिल्डिंगमध्ये टीव्ही चालू आहे, माणसं हलताहेत, आवाज ऐकू येत नाही, तसं. संध्याकाळी मी आमच्या खारघरच्या सोसायटीत परत येऊन लिफ्टमध्ये शिरायची. आधी लिफ्टचं दार मजल्यामजल्यावर उघडायचं आणि कुणाकडे काय शिजतंय ते कळायचं. तिसऱ्यावर सुके बोंबील, पाचव्यावर हिंगाची फोडणी, सातव्यावर अगरबत्ती आणि तिच्याखाली लपवलेली सिगरेट. आता दार उघडायचं आणि समोर नुसता पॅसेज असायचा. पांढरी लाइट, चपला, बंद दारं. मी कुठल्या मजल्यावर आहे हे आकड्याकडे बघून ठरवायला लागायचं.

डॉक्टर म्हणाल्या, "येईल परत." कधी, ते त्यांना सांगता येईना. येईलच का, यावर त्या म्हणाल्या, "बहुतेक येतो." हा 'बहुतेक' मी घरी घेऊन आले. सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबाची साल, वेलची असं काहीबाही हुंगायला सांगितलं होतं. मी ते गुडघ्याच्या व्यायामासारखं करायची. डोळे मिटायचे, डबी नाकाशी धरायची, लवंग आठवायची. लवंग आठवायची, पण डबीत नसायची.

घरात मी याचा फार गवगवा केला नाही. नवऱ्याला सांगितलं, गॅस बंद आहे की नाही ते झोपताना तू बघत जा. सासूबाईंना सांगितलं, दूध नासलं तर मला सांगा. झालं. पाय मोडलेल्या माणसाला सगळे जिना चढायला मदत करतात. वास गेलेल्याला काय मदत करणार?

मग एका रविवारी दुपारी जेवून आडवी झाले आणि मला माहेर दिसलं. साताऱ्याकडचं गाव, घरामागे टोमॅटोच्या सऱ्या, काठ्यांना सुतळीने बांधलेली झाडं. मी लहान होते आणि टोमॅटोंची पाटी भरत होते. टोमॅटो तोडणाऱ्याचे हात हिरवे-काळे होतात, साबणाने जात नाहीत, हे ज्याने तोडलेत त्यालाच माहीत. स्वप्नात मी हात नाकाशी नेले, आणि वास आला. पानाचा, देठाचा, तो उग्र, हिरवा, जरासा कडवट वास. आमची आई म्हणायची, त्या हातांनी भाकरीला हात लावू नका. डोळे उघडले तेव्हा पडदा हलत होता, खिडकीबाहेर हिवाळ्यात तपकिरी झालेले डोंगर होते, लांबून मेट्रो आवाज न करता चालली होती. मी हात नाकाशी नेले. हात कोरडे होते.

त्यानंतर मी रविवारी मुद्दाम झोपायला लागले. घरच्यांना वाटलं, वय झालं.

तर असाच एक रविवार, फेब्रुवारीतला. कॉलेजातली माझी मुलगी दुपारी चारच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आई, संध्याकाळी माझ्या मैत्रिणी येताहेत. पिझ्झा करू या? बेस मी आणते."

"कर की. सॉस मी करते."

ती मोबाइलकडे बघत म्हणाली, "सॉस पण बाटलीचा आणते ना. तुला कशाला टेन्शन?"

बाटलीचा सॉस आमच्याकडे येत नाही. तो गोड असतो, चिकट असतो आणि त्यात टोमॅटो कुठे असतो ते शोधावं लागतं. माझा सॉस वीस-पंचवीस मिनिटांत होतो आणि ही मुलगी लहानपणापासून तो पोळीलासुद्धा लावून खात आलीय.

"बाटलीचा का?" मी विचारलं.

आजीकडे बघितलं तिने. सासूबाई टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी एक शेंग नीट पूर्ण सोलली आणि मग म्हणाल्या, "अगं, आमटी करपली हुती. तेरवा. आन त्याच्या आदल्या दिवशी भाजी. लेकरू घाबरलंय, मैत्रिणींसमोर शोभा नको."

"करपली होती? आणि तुम्ही सगळ्यांनी खाल्ली?"

"मग काय टाकायची?"

"मला सांगायचं ना!"

"पानातल्याला नावं ठिवू नयेत," सासूबाई म्हणाल्या. यावर आमच्या घरात अपील नसतं.

मुलगी पुटपुटली, "बाबा तर म्हणाले, स्मोकी फ्लेवर छान आहे."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. तापानंतर जीभही अर्धवटच चालत होती. खारट, आंबट, तिखट एवढं कळायचं, तेही पांघरुणाआडून. करपलेलं कळतं ते वासाने. म्हणजे किती दिवस मी या माणसांना करपलेलं वाढत होते आणि ती पाणी पिऊन गिळत होती, कोण जाणे. स्वयंपाकाची मला काही फार हौस नाही. पण मी केलेलं खायची घरात भीती बसावी आणि ते मलाच कळू नये, हे मला चालण्यासारखं नव्हतं. 'बहुतेक येतो' यातला बहुतेक त्या दुपारी पहिल्यांदा मोठा दिसला. आला नाही तर? तर आयुष्यभर असंच. मी वाढायचं आणि बाकीच्यांनी एकमेकांकडे बघायचं.

"बाटली आणायची नाही," मी म्हटलं. "सॉस मी करणार."

"अगं पण—"

"तू बेस आण आणि चीज आण. जा."

ती गेली. सासूबाई खुर्ची ओढत ओढत गॅसपाशी आल्या. "मी बसती हितं," मटारांची परात मांडीवर घेत म्हणाल्या. "नाक माझं, हात तुझं."

सासरे वाशीच्या मार्केटात माथाडी होते. घरात टोमॅटो कधी किलोने आला नाही, यायचा तो पिशवीने. त्यामुळे सासूबाईंना त्यातलं फार कळतं. शिवाय त्या रांधताना कधीही चाखून बघत नाहीत. देवाला दाखवायच्या आधी चमचा तोंडाला लावला की अन्न उष्टं झालं. मग मीठ बरोबर पडलंय का हेसुद्धा त्यांनी सगळ्या जन्मात नाकानेच ठरवलं. लग्न होऊन आले तेव्हा मला ते थोतांड वाटलं होतं. नंतर मीही तेच करायला लागले, कारण वेळ वाचतो.

मी लांबट टोमॅटो घेतले, त्यांत पाणी कमी असतं. उकळत्या पाण्यात घाला, गार करा, सालं काढा, असल्या भानगडीत मी पडत नाही. टोमॅटो आडवा कापायचा आणि कापलेली बाजू किसणीवर घासायची. गर खाली पडतो, साल हातात राहते. मग पसरट कढईत शेंगदाण्याचं तेल, त्यात ठेचलेला लसूण.

"बदामी झाला का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"वास तुम्हाला येतोय. मी कशाला सांगू?"

"मला वास येतोय, पर माझं डोळं कुटं पोचत्यात कढईत. आता टाक, नायतर कडू हुईल."

मी गर ओतला. चर्र झालं, वाफ वर आली, चष्मा पांढरा झाला. काश्मिरी तिखट, मीठ, ओरेगॅनो. साखरेऐवजी सासूबाईंनी गुळाचा खडा पुढे केला, तो मी घेतला. मुलीने जाताना बेसिलच्या नावाने कुंडीतली तुळस सुचवली होती, पण रविवारी तुळस तोडत नाहीत, त्यामुळे ती गोष्ट तिथेच संपली.

मग फक्त ढवळणं. गॅस मध्यम.

चष्मा पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून मी तो काढूनच ठेवला. सगळं पुसट झालं. कढईत लाल, खिडकीत तपकिरी, त्याच्या वर फिकट निळं. सॉस आधी खळखळ करतो, पातळ. मग आवाज जड होत जातो, बुडबुडे सावकाश फुटतात, प्रत्येक बुडबुडा फुटायच्या आधी जरा विचार करतो. हे मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. वास असताना ऐकायची गरज नसते.

"कच्चा वास हाय अजून," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले होते.

थोड्या वेळाने, "हाय अजून. पर मागं सरकतोय."

मी ढवळत होते. मला सऱ्या दिसत होत्या. त्या दुपारच्या झोपेत दिसतात तशा, टोक न दिसणाऱ्या. पाटी भरली की डोक्यावर घ्यायची, बांधावर नेऊन ओतायची. आमच्यातलं कुणीतरी कायम पिकलेला एक टोमॅटो फ्रॉकला पुसून तिथेच खायचं, रस कोपरापर्यंत. मी जागी होते आणि झोपेतही होते. उलथनं फिरत होतं.

"आता गोडावला," सासूबाई म्हणाल्या. "गेला कच्चा वास. बास कर."

मी चष्मा लावला. उलथन्याने मधून रेघ ओढली, तळ दिसला, आणि रेघ लगेच मिटली नाही. हीच खूण. सॉस झाला होता, करपला नव्हता, आणि मला त्यातलं काही कळलं नव्हतं. एखादं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं तसं झालं. मजकूर कळला, अक्षर दिसलं नाही.

"बघा, जमलं," मी म्हटलं.

"जमणारच," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "रोज मी हाय की बसायला. काय काम हाय मला?"

चांगलंच बोलल्या त्या. पण रोज म्हणजे किती दिवस, हे आम्ही दोघींनीही मोजलं असणार. त्यांचं वय आणि माझं नाक. मी कढई खाली उतरवली.

तेवढ्यात मुलगी दारातून ओरडत आली. "आई! अजून दोघी येताहेत, आत्ता मेसेज आला. सॉस पुरेल?"

"तुझ्या मैत्रिणी आहेत का बारात?"

"बारात नाही गं, ग्रुप आहे!"

सॉस पुरणार नव्हता. मी कढई परत गॅसवर चढवली आणि उरलेले टोमॅटो घेऊन किसणी थेट तिच्यावरच धरली. घाई होती. हे टोमॅटो माहेरच्या मागच्या दारच्या सरीतले म्हणावेत असे, देठासकट आलेले होते. देठ ओढून काढले, एकाला पान चिकटलेलं होतं, ते बोटांनी चुरगळून सिंकमध्ये टाकलं. किसलं. गर खालच्या गरम सॉसवर पडला आणि वाफ थेट तोंडावर आली.

"गेला सगळा खेळ," सासूबाई म्हणाल्या. "परत कच्चा वास आला बघ."

माझा हात थांबला.

तो कढईत होता आणि बोटांवर होता. उग्र, हिरवा, जरासा कडवट. फार नव्हता. दुसऱ्या खोलीत कुणी बोलावं आणि भिंतीतून शब्द नाही, नुसता आवाज यावा, एवढाच. पण मी झोपेत नव्हते. हाताला किसणी लागत होती, पायाखाली फरशी गार होती, मुलगी फ्रिज उघडून चीज शोधत होती.

"आला," मी म्हटलं.

"काय?"

"कच्चा वास. आलाय."

सासूबाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, कढईकडे बघितलं, परत माझ्याकडे. मटाराच्या सालांची परात त्यांनी उगाच मांडीवरून खाली ठेवली.

"आई, अजून किती वेळ?" मुलीने फ्रिजच्या मागून विचारलं. "त्या खाली गेटवर आल्यात."

आयुष्यभर मी हा वास घालवायची घाई केलेली आहे. तो गेला की स्वयंपाक झाला, गॅस बंद, पानं घ्या. पाच मिनिटांत गेलाही असता. गॅस मोठा केला तर तीनच.

"लागेल वेळ," मी म्हटलं. "बसव त्यांना. पाणी दे."

आणि गॅस अगदी बारीक केला.