उलट्या फेऱ्यांच्या बाई

वर्षाच्या पहिल्या तासाला बाई वर्गात येत, "जो दिखे, लिखो," एवढंच म्हणत आणि आमच्याकडे पाठ करून फळ्यासमोर उभ्या राहत. फळ्यावर अक्षर नाही, तोंडातून शब्द नाही. पहिल्या मिनिटाला वर्गात खसखस पिकायची, तिसऱ्याला सगळे चिडीचूप. पाचव्या मिनिटाला पुढच्या बाकावरच्या मुली बाक मागे ओढत असायच्या. मग बाई वळून शांतपणे विचारायच्या, "क्या लिखा?" कुणी 'तबीयत ख़राब' लिहिलेलं असायचं, कुणी 'पागल', कुणी 'ऊपर की हवा', म्हणजे भूतबाधा. सगळं वाचून झालं की त्या म्हणायच्या, "मैं सिर्फ़ खड़ी थी. बाक़ी सब आपने किया."

बाई आम्हाला उज्जैनच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या. विचलन, म्हणजे समाज ज्याला वाकडं वागणं म्हणतो ते, हा त्यांचा जीव की प्राण विषय. वर्गात मराठी मी एकटीच, म्हणून तास संपल्यावर बाई माझ्याशी मराठीत बोलत. "भैरवाच्या देवळात बाटली चढवली तर प्रसाद, फ्रीगंजच्या फुटपाथवर उघडली तर बेवडा. दारू तर तीच आहे ना? मग फरक कोणी केला?" दुसऱ्या वर्षाला बाबांनी माझं लग्न ठरवायला घेतलं, तेव्हा याच बाई घरी येऊन तीन तास ठाण मांडून बसल्या आणि माझं शिक्षण वाचवून गेल्या. आज मी नोकरी करते ती त्यांच्यामुळे.

पुढे लग्न होऊन मी माधव नगरात आले, तर बाई दोन गल्ल्या सोडून राहत होत्या. निवृत्त, एकट्या. आमच्या कॉलनीची बाग गोल आहे आणि मधोमध पिंपळ. उज्जैनच्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही, त्याचे पाय आपोआप पिंपळ उजव्या हाताला ठेवून चालू लागतात. बाई तेवढ्या उलट्या फिरायच्या. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, तुमच्यासारखं फिरलं तर पुढच्याची पाठच दिसते ना. मला चेहरे बघायचे असतात. घरात तर दिवसभर कोणाचाच चेहरा दिसत नाही मला."

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुराणिककाकूंकडे गप्पा रंगल्या होत्या. पुराणिककाकू म्हणजे आमच्या शेजारीण, कॉलनीतल्या मराठी बायकांचं मुख्य ठाणं. मला सगळ्यांना हसवायची हुक्की आली आणि मी बाईंचा फळ्याचा किस्सा नकलेसकट सांगितला. भिंतीकडे तोंड करून उभीसुद्धा राहिले. वळून बाईंचं शेवटचं वाक्य सांगणार, तेवढ्यात वाणाचं ताट आलं आणि ते राहूनच गेलं. काकू तिळगूळ हातावर ठेवत म्हणाल्या, "म्हणजे हे तेव्हापासूनच आहे तर! मला त्या फेऱ्यांवरूनच शक होता."

आठवड्याभराने काकूंच्या नातीला ताप आला. बाईंनी बागेत तिचा गाल कुरवाळला होता, हे कुणाला तरी आठवलं. खोटं कुणीच बोललं नाही. ज्याने त्याने पाहिलेलं तेवढंच सांगितलं. पिंपळाच्या पारावर हळद लावलेली लिंबं दिसू लागली. एका संध्याकाळी मी फाटकातून आत शिरले आणि जागीच थांबले. बाई चालत होत्या आणि त्या जवळ आल्या की एकेक जण त्यांच्याकडे पाठ करत होता. सबंध गोलात एकही चेहरा नव्हता. बाईंचे ओठ हलत होते.

त्या फिरून परतल्या तशी मी तडक त्यांच्या घरी गेले. बाई म्हणाल्या, "मंत्रबिंत्र काही नाही ग. चेहरे विसरू नयेत म्हणून नावं घेते." मी म्हटलं, "बाई, मी सगळ्यांना समजावून सांगते." त्या हसल्या. "सफाई दिली की शक पक्का होतो. शिकवलं होतं ना मी? तू टेंशन नको घेऊ. तू फक्त समोरून येत जा."

मला तेवढंही जमलं नाही. दोनच दिवसांनी पुराणिककाकूंसोबत फिरत होते. बाई समोरून आल्या, काकू वळल्या आणि मीही मोबाईल काढून वळले. मागे पावलं थांबली. मला वळता आलं असतं, पण मी काचेवर नुसतं बोट फिरवत राहिले. मग अगदी मानेजवळून, वर्गातल्या त्याच शांत आवाजात ऐकू आलं, "क्या लिखा?"

मी वळले तेव्हा त्या नावं पुटपुटत पुढे गेल्या होत्या. त्यात माझं नाव होतं की नाही, ते मला ऐकू आलं नाही.

महिन्याभरात भाचा त्यांना जबलपूरला घेऊन गेला. पावसाळ्यानंतर त्याचाच फोन आला, बाई गेल्या. मी खूप रडले. मग पुराणिककाकूंकडे जाऊन अर्धवट राहिलेला किस्सा शेवटच्या वाक्यासकट सांगितला. काकूंनी नीट ऐकून घेतलं. "तुझ्यावर भारी जीव होता ना त्यांचा," एवढंच म्हणाल्या आणि जवळ खेळणाऱ्या नातीला आतल्या खोलीत पाठवलं.

तेव्हापासून मी बागेत उलटी फिरते. बाईंसाठी दुसरं काही करणं आता माझ्या हातात नाही. सुरुवातीला लोक हसायचे, नमस्कार करायचे. बाईंचं खरं होतं, चेहरे छान दिसतात. गेल्या सोमवारी पुराणिककाकू समोरून आल्या, मोबाईल काढला आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांच्या खांद्यावरून मला मोबाईलची काच दिसली. ती बंद होती आणि तिच्यात त्या माझ्याकडेच बघत होत्या.

मी पुढे निघाले. पिंपळाला अर्धा वळसा घातल्यावर लक्षात आलं की माझे ओठ हलताहेत. मी नावं घेत होते, आणि पहिलं नाव पुराणिककाकूंचं होतं.