ताम्हनातली प्रदक्षिणा

आता आपल्याच फजितीचे कीर्तन आपणच करावे, हे या वयात शोभते का? पण चहा आलाच आहे, तर ऐका.

इस्लामपुरात आमच्या घरी सकाळची पूजा माझ्याकडे असते. त्या दिवशी अभिषेक आटोपून देव पुसून ठेवले. ताम्हनात हळदीचे पाणी तसेच होते. इतक्यात देवघराच्या वरच्या फळीवर एक काचेची बाटली दिसली. आत रॉकेल, आणि रॉकेलात हरभऱ्याएवढे तीन खडे! वरून काळपट, पण कापलेल्या बाजूने चांदीसारखे लखलखणारे.

माझ्या मनाने लगेच कथा रचली. आमच्या कुलदेवतेचे टाक, म्हणजे देवाची मूर्ती उठवलेले चांदीचे पत्रे, झिजले होते. सुनेने, मीनलने, नव्या टाकांसाठी चांदी आणली असणार आणि डाग निघावेत म्हणून रॉकेलात घातली असणार. केवढी भाविक मुलगी! पण देवाची चांदी, आणि रॉकेलात? शिव शिव! तिला आधी स्नान नको का घालायला?

एक खडा पळीने काढला, कोरड्या फडक्याने पुसला. पळी जराशी दाबली, तो लोण्यासारखा खळगा पडला. "किती शुद्ध चांदी!" असे म्हणून मी देवाचे नाव घेतले आणि ती ताम्हनात सोडली.

काय वर्णावे! चांदी बुडेचना. सेतूचे पाषाण तरंगले, मग आमच्या घरची चांदी का तरंगू नये? पाहता पाहता तिची गोळी झाली, ती फसफसत ताम्हनात गोल गोल प्रदक्षिणा घालू लागली, मग पिवळी ज्योत धरली, आणि फट्! देवघर दणाणले.

शेजारचे निवृत्त सुभेदार धावत आले. "आप्पा, काय फुटलं वो?"

मी बोटाने ताम्हन दाखवले. हळदीचे पिवळे पाणी लाल झाले होते.

"आयला, हळदीचं कुकू झालं की!" आयुष्यभर तोफा ऐकलेल्या त्या माणसाने हात जोडले. "लय जागृत हाय तुमचा देव. आनि एकदा दावा की!"

इथेच मी घसरलो. देव आपल्यावर प्रसन्न आहे हे शेजाऱ्याला दाखवण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही, तिथे मी कोण? दुसरा खडा सोडला. मग तिसराही सोडला. माझ्या मिशीची डावी बाजू करपली, पण नामस्मरण थांबले नाही!

परसात कपडे वाळत घालणारी मीनल आवाज ऐकून आत आली. "बाबा, तुम्हाला लागलं नाही ना?"

"मला काय व्हायचंय? पण तुझी चांदी..."

तिने बाटली उचलून पाहिली, तर आत नुसते रॉकेल. "चांदी कुठली बाबा, सोडियम होतं ते! शाळेतल्या कपाटाला कुलूप लागत नाही, म्हणून म्हटलं घरी सुरक्षित राहील." तिचे डोळे भरून आले. "आज अकराला संस्थेची माणसं माझा तास बघायला येणार आहेत. मला कायम करायचं की नाही, ते त्यावरच ठरणार. आता मुलांना दाखवू काय?"

सुभेदार हळूच उठले. "म्या निगतो. भाकरी निवली आसंल."

फौजेने अशी माघार घेतल्यावर मी एकटा उरलो. म्हणालो, "मीनल, मला बरोबर ने. धातू संपला असेल, पाहणारा शिल्लक आहे."

करपलेली मिशी घेऊन मी फळ्यापाशी उभा राहिलो आणि घडले तसे सांगितले. मी एक सांगावे, मीनलने त्याचे कारण सांगावे. धातू मऊ, म्हणून खळगा. पाण्याहून हलका, म्हणून तरंगला. पाण्यातून हायड्रोजन सुटला आणि पेटला. पाण्यात उरला तो अल्कली, त्याने हळद लाल केली. चमत्काराचे एकेक पान गळत होते, आणि खरे सांगतो, मला त्याचे वाईट वाटले नाही. देवाने असा धातू घडवला, हे काय थोडे आहे?

एक मुलगी उठली. "आजोबा, सोडियमऐवजी पोटॅशियम असतं तर?"

"ते त्याच गटात, पण सोडियमच्या खाली," मीनल म्हणाली. "म्हणजे जास्त तापट."

मागच्या बाकावरून आवाज आला, "मग आजोबा आज हार घालून फोटोत असते!"

वर्ग हसून लोळला. संस्थेची माणसेही तोंडाला रुमाल लावून बसली होती.

मीनल कायम झाली. परवा चाचणीचे पेपर तपासताना ती एकटीच हसू लागली आणि एक पेपर तिने माझ्यापुढे धरला. प्रश्न होता, सोडियम रॉकेलमध्ये का ठेवतात?

उत्तर होते, "हवा, पाणी आणि बाईंचे सासरे यांच्यापासून ते दूर राहावे म्हणून."

"अगं, याला गुण किती दिलेस?" मी जरा घुश्शातच विचारले.

"पैकीच्या पैकी, बाबा. चुकलंय कुठं त्याचं?"