घोड्यानं खाल्लेली बस

काकांचं इंग्रजी एका सकाळी गेलं. साउथहॅम्प्टनच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता, अर्धा चेहरा उतरला होता आणि आयुष्यभर ज्या भाषेत नोकरी केली, इन्कम टॅक्स भरला, शेजाऱ्यांशी कुंपणावरून वाद घातले, ती भाषा साफ पुसली गेली होती. मराठी मात्र शाबूत होतं. डॉक्टर म्हणाले, असं कधीकधी होतं, आधी शिकलेली भाषा मागे राहते. काकू म्हणाल्या, "राहिलं ते नेमकं कुणाशी बोलायचं असतं ते सांगा."

काका-काकू माझे नातेवाईक नव्हेत. साउथहॅम्प्टनपासून थोड्या अंतरावरच्या गावात आमची घरं एकाच रस्त्यावर होती आणि त्या रस्त्यावर मराठी बोलणारे आम्ही तिघंच. मी रोज ट्रेननं बेसिंगस्टोकला जाऊन एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी कुणी न वाचणारी मॅन्युअल्स लिहायचो. संध्याकाळी परतताना काकांच्या दारावरून गेलो की ते बागेतून ओरडायचे, "काय, आज घोडं कुठं पेंड खातंय?" ट्रेन लेट असो, पाऊस असो, सरकार पडायला आलेलं असो, त्यांचा प्रश्न हाच. स्ट्रोकनंतर जी मोजकी पूर्ण वाक्यं त्यांच्याकडे उरली, त्यांत हे होतं.

त्यांना नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं. त्यांना उचलणं काकूंना जमेना आणि जमत नाही हे मान्य करायलाही त्यांना फार वेळ लागला. पुण्याच्या नणंदेनं फोनवर नुसतं "अगं बाई, होममध्ये?" असं म्हटलं, तर काकूंनी दोन दिवस फोनच उचलला नाही. मग त्यांनी स्वतःपुरती एक तोड काढली. रोज संध्याकाळच्या बसनं जायचं, डब्यातला मऊ भात आपल्या हातानं भरवायचा, तासभर मराठी बोलायचं आणि शेवटच्या बसनं परत यायचं. होममधल्या मुली प्रेमळ होत्या, पण काकांशी त्या हसण्यापलीकडे काही बोलू शकत नव्हत्या. काकांच्या दिवसातला बोलण्याचा तास तेवढाच. काकूंना गाडी चालवता येत नव्हती.

अशात बातमी आली की कौन्सिल संध्याकाळच्या आणि रविवारच्या बसचं अनुदान बंद करणार. प्रवासी कमी, खर्च जास्त. बहुधा खरंच होतं. काकू कित्येकदा त्या बसमध्ये एकट्याच असायच्या. ड्रायव्हर त्यांना "माय लव्ह" म्हणायचा, आणि त्याला काय उत्तर द्यायचं हे त्यांना तीस वर्षांत उमगलं नव्हतं.

मी म्हटलं, "काकू, पिटिशन करू."

"म्हणजे अर्ज?"

"अर्ज एकट्याचा. हे निवेदन. सह्यांचं."

मग मी त्यांना माझं ज्ञान पाजळून दाखवलं. इथल्या पार्लमेंटमधल्या निवेदनात जी मागणी असते तिला चक्क 'प्रेअर' म्हणतात. निवेदन दिलं की सभापतींच्या खुर्चीमागे टांगलेल्या हिरव्या पिशवीत टाकतात.

"भाजीची?"

"पिशवी हो नुसती."

"म्हणजे नवस बोलायचा आणि पिशवीत टाकायचा," काकू म्हणाल्या. "ठीक आहे. लिही."

मला असं काहीतरी माहीत असायचंच. ऑफिसात तेव्हा एक ईमेल फिरत होती: मुसळधार पावसाला इंग्रजीत कुत्री-मांजरं पडणं का म्हणतात, तर म्हणे जुन्या काळी ती गवती छपरात झोपत आणि पावसात घसरून खाली पडत. मी सगळ्यांना उत्तर धाडलं की हे थोतांड आहे, खरा उगम कुणालाच ठाऊक नाही आणि खोटं मूळ सांगण्यापेक्षा माहीत नाही म्हणणं बरं. वर एक खरा उगमही जोडला: आपल्या विधानसभेतसुद्धा ज्याच्या नावानं आमदार घाबरतात तो 'व्हिप' मुळात शिकारी कुत्र्यांना कळपात ठेवणारा चाबूकवाला. कोल्ह्याच्या शिकारीवर बंदी आल्यापासून अर्धा देश तेव्हा या विषयावर हळवा होता. माझ्या ईमेलला कुणी उत्तर दिलं नाही.

निवेदन मी लिहिलं. अनुदान, प्रवासी, ज्येष्ठ नागरिक, सगळं आलं आणि ते माझ्या मॅन्युअल्सइतकंच निर्जीव झालं. तेव्हा मला काकांचं वाक्य आठवलं. आम्हा नागरिकांना एवढंच जाणून घ्यायचं आहे, असं मी शेवटी लिहिलं, की व्हेअर द हॉर्स इज ईटिंग द ऑइलकेक. खाली एक ओळ टाकली की ही मराठी बोलण्याची रीत आहे, अडचण नेमकी कुठे आहे ते विचारायची. ते इंटरनेटवर चढवलं. पंतप्रधानांनासुद्धा ऑनलाइन निवेदन देण्याची तेव्हा नवी हौस होती आणि लोक कशावरही सह्या ठोकत.

ऑइलकेक म्हणजे पेंड, हे मी शब्दकोशात पाहून लिहिलं होतं. सरकी, शेंगदाणे, गुरांचं खाणं. इंग्रजांनी वाचलं ते केक.

केक खाणारं घोडं त्यांना फारच आवडलं. गावच्या वर्तमानपत्रात मथळा आला. कुणी घोड्याचं चित्र काढलं, समोर क्रीमचा केक. सह्या भराभर वाढल्या. कॅनडातून आल्या, न्यूझीलंडमधून आल्या. शेऱ्याच्या रकान्यात लोक खिंकाळत होते. कारण इंग्रजीत घोड्याचं खिंकाळणं आणि मतदानातला नकार ऐकायला एकच, 'ने'. ऑफिसात ज्यांनी माझ्या ईमेलला उत्तर दिलं नव्हतं, ते आता कॉफीच्या रांगेत विचारू लागले, "घोडा काय म्हणतोय?" बस काय म्हणतेय, असं कुणी विचारलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

कौन्सिलच्या सभेत निवेदनकर्त्यांना थोडी मिनिटं मिळतात. ठरलं असं की आधी मी प्रस्तावना करायची, मग काकू बोलतील. काकूंनी चार वाक्यं पाठ केली होती. आठवडाभर भांडी घासताना म्हणायच्या: माय हजबंड हॅज ओन्ली मराठी नाउ. नोबडी देअर हॅज मराठी. आय गो इन द ईव्हनिंग. प्लीज कीप माय बस. मी म्हटलं होतं, "'माय बस' नको, 'द बस' म्हणा." त्या म्हणाल्या, "माझीच आहे. दुसरं कोण असतं तिच्यात?"

सभागृहात लाकडी पॅनेल्स होती, दिवंगत महापौरांची तैलचित्रं होती आणि अध्यक्षांच्या गळ्यात अशी साखळी होती की आमच्याकडे पोळ्याला बैलाच्या गळ्यातही त्याहून बेताची असते. हे मी काकूंच्या कानात सांगितलं. त्या हसल्या नाहीत. ओठ हलत होते, वाक्यं चालू होती. नेसायला काठाची साडी, वर कार्डिगन, मांडीवर पर्स.

मी सुरुवात बरी केली. मग अध्यक्ष चष्म्यावरून म्हणाले, "सगळ्यांनाच उत्सुकता आहे, या मोहक वाक्याचा उगम काय?"

माहीत नाही, असं म्हणायला एक क्षण पुरला असता. पण सगळे माझ्याकडे पाहत होते, मागच्या बाकावर वार्ताहर पेन सरसावून बसला होता आणि मला वाटलं, एवढ्या लोकांना नुसतं 'माहीत नाही' देऊन कसं पाठवायचं? मी म्हटलं, मराठ्यांच्या फौजेत कूच करायच्या वेळी एखादं घोडं हमखास गायब व्हायचं. छावणीमागे गुपचूप पेंड खात उभं असायचं, आणि एका घोड्यापायी सगळं सैन्य थांबायचं. मग सरदार ओरडायचा. मी सरदाराचा आवाज काढला. सभागृह हसलं. एका बाईंनी विचारलं, मग घोडं सापडायचं कसं? मी तेही सांगितलं. साखळीवाले अध्यक्ष खुर्चीत गदगदत होते. मी त्यांच्या थाटाची मनातल्या मनात टिंगल करत होतो आणि त्यांच्याचसाठी नाचत होतो.

टेबलावरचा लाल दिवा लागला.

"दुर्दैवानं वेळ संपली," अध्यक्ष म्हणाले. "या महिन्यातलं सर्वांत रंजक निवेदन. नोंद घेतली आहे."

काकू अर्ध्या उठल्या होत्या. पर्स हातात घेऊन त्या तशाच क्षणभर राहिल्या. मग "सॉरी" म्हणून खाली बसल्या. तीस वर्षांत त्यांनी आत्मसात केलेला तेवढा एकच इंग्रजी शब्द असा होता की जो त्यांना कधी अडखळवत नव्हता. मी अध्यक्षांकडे बोट करून काहीतरी म्हणू लागलो, पण पुढचा विषय पार्किंगचा होता आणि त्याची माणसं उभी राहिली होती.

परतताना माझ्या गाडीत त्यांनी पर्स मांडीवर नीट ठेवली. मग म्हणाल्या, "छान बोललास."

"काकू, तुमचं राहिलं."

"असू दे. माझं काय, चार वाक्यं." मग वळून म्हणाल्या, "खरंच असं होतं का रे, फौजेत?"

"माहीत नाही."

"मग?"

"सुचलं."

"अस्सं," काकू म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

उन्हाळ्यात बस बंद झाली. काकूंच्या चार वाक्यांनी ती वाचली असती असं मी म्हणत नाही. कौन्सिलच्या तिजोरीत जे नव्हतं ते वाक्यांनी आलं नसतं. पण ती वाक्यं त्या सभागृहात कुणी ऐकलीच नाहीत, आणि घोडं मात्र सगळ्यांनी ऐकलं. पुढच्या निवडणुकीत एका उमेदवाराचं पत्रक माझ्या दारात पडलं, त्यात मोठ्या अक्षरांत होतं: घोडा केक कुठे खातो ते आम्ही शोधून काढू. बसचा उल्लेख नव्हता.

काकू आता दुपारच्या बसनं जात. दुपारी काका झोपलेले असत. त्या शेजारी बसून राहत आणि जागे व्हायच्या वेळेला निघत, कारण त्यानंतर बस नव्हती. संध्याकाळी होममधली मुलगी काकांना बटाट्याचा लगदा भरवी. दर रविवारी संध्याकाळी मी काकूंना गाडीनं नेऊ लागलो. हे मीच ठरवलं, काकूंनी मागितलं नव्हतं. काका तो रविवार धरून बसायचे. मुली सांगायच्या, दुपारपासूनच दाराकडे बघत असतात.

मग लंडनमधल्या ईलिंगहून एक फोन आला. तिथल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम होता, 'प्राण्यांवरून आलेले शब्दप्रयोग' या विषयावर तासभर रंजक काही बोलाल का? तुमचं ते घोड्याचं ऐकलंय. कार्यक्रम रविवारी होता. मी काकूंना सांगितलं, त्या लगेच म्हणाल्या, "जा की. एक रविवार काय." मी गेलो. सरदाराचा आवाजही काढला. टाळ्या पडल्या, बटाटेवडे छान होते.

पुढच्या रविवारी आम्ही होममध्ये पोचलो तेव्हा काका खुर्चीत सरळ बसवलेले होते. काकूंनी डबा उघडला. काकांनी भाताकडे पाहिलं नाही. आधी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एकेक शब्द ओढत म्हणाले, "गेल्या... वेळी... घोडं कुठं... पेंड खात होतं?"

इतकं लांब वाक्य त्यांनी कित्येक महिन्यांत म्हटलं नव्हतं.

काकू घाईनं म्हणाल्या, "अहो, बस नव्हती ना."

काकांची नजर माझ्यावरून हलली नाही. मी म्हटलं, "ईलिंगला, काका."

त्यांना ते कळलं की नाही, सांगता येत नाही. काकूंना कळलं. त्यांनी भात कालवला, चमचा भरला आणि तो माझ्या हातात दिला.

"आज तू भरव. मी जरा टेकते."

मी चमचा पुढे केला. काकांनी ओठ मिटून घेतले.

"असं नाही घेत ते," खुर्चीला डोकं टेकवून, डोळे मिटून काकू म्हणाल्या. "बोलावं लागतं त्यांच्याशी. बोल काहीतरी. तुला सुचतं की."

मी चमचा हातात धरून बसलो. भात निवत चालला होता.