एक आत, एक बाहेर

"एक आत, एक बाहेर. फुकटात कोनी आत येत नाही," असं म्हणत आमचे सर वर्गाच्या दारात हात आडवा धरून उभे राहायचे. उशिरा येणाऱ्यावर खेकसणारे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. आमच्या सरांना नुसत्या खेकसण्यात गोडी वाटत नसे.

साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीच्या कॉलेजात ते आम्हाला पेशीविज्ञान शिकवायचे, आणि काय शिकवायचे! बेकरीतून आणलेलं यीस्ट साखरेच्या पाण्यात फसफसत ठेवायचे आणि त्या एवढ्याशा पेशीत आम्हाला हाताला धरून फिरवून आणायचे. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीची भट्टी. तिथं एटीपी हा ऊर्जेनं भरलेला डबा तयार होतो. पेशी तो खर्च करते आणि एडीपी हा रिकामा डबा परत पाठवते. भट्टीच्या आतल्या पडद्यात एक दारवान असतो. तो एक रिकामा आत घेतो, तेव्हाच एक भरलेला बाहेर सोडतो. हे ज्ञान तेव्हा अगदी ताजं होतं, आणि सरांनी ते सरळ वर्गाच्या दाराला लावलं.

उशिरा आलेल्यानं आत बसलेल्यांपैकी एकाचं नाव घ्यायचं. तो बाहेर, हा आत. बाहेर गेलेला गैरहजर.

यात सापडली मूर्तिजापूरहून रोज येणारी एक मुलगी. वडील रेल्वेत गँगमन, घर नुकतंच बौद्ध झालेलं, आणि त्या घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. बडनेऱ्याला तिला गाडी बदलावी लागे.

"गाडी लेट झाली, सर."

"गाडीले थोडीच शिकवून राहिलो मी? नाव सांग. कोनाले काढू?"

सुरुवातीला ती खाली मान घालून कुणाचं तरी नाव घ्यायची. ज्याचं घेतलं तो तिच्याशी बोलणं टाकायचा. मुलींनी तिच्याजवळ डबा उघडणं सोडलं. सर हे सगळं मिशीत हसत पाहत. एकदा मीच आपणहून उठलो, तर म्हणाले, "बस खाली. पेशीत दानधर्म नसते."

मग तिनं नावं घेणं बंद केलं. व्हरांड्यात खिडकीच्या गजांशी वही टेकवून ती उभ्यानं लिहून घ्यायची. हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि वर्ष वाया गेलं की लग्न, असं वडिलांनी बजावून ठेवलेलं होतं. हे सरांनाही ठाऊक होतं.

एक दिवस सर रंगात आले होते. "एका काटेरी झाडाच्या मुळात विष असते. ते मालाले हात लावत नाही, भट्टीही फोडत नाही. तरी पेशी उपाशी मरते. सांगा, ते बसते कुठं?"

सरांनी खिडकीकडे पाहिलं. "तू सांग."

"दारात, सर," ती म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी वर्गाच्या दाराकडे पाहिलं. सर मात्र खूष झाले. "शाबास!" म्हणाले, आणि हजेरीत तिच्या नावापुढं गैरहजर लिहिलं.

परीक्षेच्या यादीत तिचं नाव आलं नाही. उन्हाळ्यात लग्न झालं. मला सरांचा तेव्हा आलेला राग अजून उतरलेला नाही, आणि त्यांच्याइतकं चांगलं मला कुणी शिकवलंही नाही.

काही वर्षांनी सर अकोल्याला प्रॅक्टिकल घ्यायला गेले आणि तिथंच झोपेत गेले. त्यानंतर मूर्तिजापूरच्या फलाटावर मला ती भेटली. कडेवर पोर होतं.

"सर गेले," मी सांगितलं.

"मंग त्याईच्या जागी आत कोन आलं?" तिनं लगेच विचारलं.

"मीच."

"उशिरा येनाऱ्याचं काय करता?"

"घेतो आत."

"अन् बाहेर कोन जाते?"

"कोनीच नाही. सरकून बसतात सारे."

तिनं पोराचं नाक पदरानं पुसलं.

"म्हनजे जागा होती," ती म्हणाली.